दोन मैल, डाव्या हातानं

लोर्ना : ...आणि रायफलीची ही अ‍ॅक्शन तर तयारच आहे, बाबा. किती हिवाळे फळीवर नुसती पडून आहे. मागवायला नको, वाट बघायला नको. हिच्यात तीनशे अडतीसचं काडतूस आरामात बसतं. तू नळी बसवलीस की झालं. बर्फ पडायच्या आत आपण माळावर.

ऑरिन : ठेव ती खाली. हाताचा घाम लागतो पोलादाला.

लोर्ना : ठेवली. आता बोल.

ऑरिन : काडतूस आधी ठरवायचं असतं, पोरी. अ‍ॅक्शन मागून. काडतूस आत ढकलणारा बोल्ट आणि तो सरकतो ते घर, एवढंच असतं अ‍ॅक्शन म्हणजे. आत कोण राहणार ते ठरलं, की त्याच्या मापानं घर. तू घर बघून नवरा शोधायला निघालीयेस.

लोर्ना : मागच्या खेपेला तसाच शोधला होता.

ऑरिन : म्हणून तर सांगतोय.

लोर्ना : बरं. काडतूस आधी. तुझ्या मनात कुठलं आहे ते मला माहितीये, तरी सांग.

ऑरिन : तो डबा दे. निळा. हं, हे धर. हे तुझं तीनशे अडतीस. आणि हे तीनशे पंचाहत्तर.

लोर्ना : हे काडतूस आहे की चर्चमधली मेणबत्ती?

ऑरिन : वजन बघ त्याचं.

लोर्ना : बघतेय. बाबा, आपल्याला हत्ती मारायचा नाहीये. एका पोलादी पाटीवर टक् करायचंय.

ऑरिन : दोन मैलांवर.

लोर्ना : दीड मैलावर का नाही? मॅजमावशीच्या कुरणात पाटी जरा अलीकडे टांगू. दीड मैलावर मारणारी माणसं तरी किती आहेत वायोमिंगमध्ये?

ऑरिन : दीड मैलावर रायफल मारते. दोन मैलांवर ती नुसती पाठवते. पुढचं सगळं वारा बघतो, ऊन बघतं. मला ते हवंय. गोळी आपल्या हातातून सुटून इतकी लांब जावी, की मध्येच आपल्याला वाटावं, आपण मारली होती का खरंच?

लोर्ना : तू सकाळी काय घेतलंस कॉफीत?

ऑरिन : काही नाही. ऐक. तीनशे अडतीसची गोळी चांगलीच आहे. पण सव्वा मैलाच्या पुढं ती दमते. तोवर ती आवाजाच्या पुढं पळत असते, मग आवाज मागून येऊन तिला गाठतो. त्या क्षणी ती डुलायला लागते. झोप आलेलं मूल चालतं ना, तशी. कुठं जाईल सांगता येत नाही. ही दुसरी जड आहे, लांब आहे, आणि आपण सात हजार फुटांवर राहतो, इथं हवाच पातळ. ही पावणेदोन मैल जागी राहते. शेवटचा तुकडा काय, घर दिसायला लागल्यावर चालतो तसा.

लोर्ना : तुझी ही भाषणं ऐकून गिऱ्हाइकं पळत कशी नव्हती?

ऑरिन : पळायची. वर्षभरानं परत यायची.

लोर्ना : मला वर्षभर नकोय, बाबा. तेच तर सांगतेय. तीनशे पंचाहत्तर घेतलं की ही अ‍ॅक्शन बाद. हिच्यात ते मावणारच नाही. मग मोठी अ‍ॅक्शन मागवा, कारखाना म्हणणार रांगेत उभे राहा. पुढचा उन्हाळाही जाईल त्यात.

ऑरिन : जाईल.

लोर्ना : आणि माझा खांदा? मागच्या हिवाळ्यात माझी बर्फ ढकलायची गाडी कठड्यावर चढली तेव्हा मोडलेलं हाड अजून थंडीत बोलतं. त्यावर हे मेणबत्तीएवढं धूड आदळणार.

ऑरिन : चाळीस पौंडांची रायफल करू. नळीच्या तोंडाला ब्रेक लावू, धूर बाजूनं निघेल. ढकलेल तुला, पण आदळणार नाही. झोपेत कुणीतरी सरक म्हणतं तेवढं.

लोर्ना : तुझ्याकडे सगळ्याला उत्तर आहे.

ऑरिन : कुंपणाशी तो पांढरा घोडा कुणाचा गं?

लोर्ना : कुठं?

ऑरिन : तिथं, खांबापाशी.

लोर्ना : खांबापाशी काही नाही. सेजची झुडपं आहेत नेहमीची.

ऑरिन : गेला असेल. तर मी काय म्हणत होतो?

लोर्ना : तू म्हणत नव्हतास, मी म्हणत होते. बाबा, मला घाई आहे त्याला कारण आहे. माझ्या मागं बसून दुर्बिणीला डोळा लावून हवेतली ती रेघ बघणारा दुसरा कुणी मला माहीत नाही. गोळी जाते तिच्या मागं हवा कशी चुरगळते, काचेवरून पाणी ओघळल्यासारखी, हे तूच मला दाखवलंस. मला ते आजवर चार-पाचदाच दिसलंय. तुला दर वेळी दिसतं. ‘दोन बोटं डावीकडे, जरा वर’ म्हणतोस आणि लागते. आणि आता तू म्हणतोस डोळे जरा मंदावलेत. मग आपण काय पुढच्या पुढच्या उन्हाळ्याची वाट बघायची?

ऑरिन : तुझी आई म्हणायची, हिला पाळण्यातसुद्धा घाई होती.

लोर्ना : विषय बदलू नकोस.

मॅज : आहे का कुणी? दार काय सताड उघडं टाकलंय, माशा आत घ्यायच्यात का? अगं, लोर्ना! तू आज कशी? रविवार नाही काही नाही.

लोर्ना : रजा टाकली, मॅजमावशी. उन्हाळ्यात बर्फ ढकलणारीला कोण विचारतंय. या, बसा.

मॅज : बसते कसली. दालचिनीचे रोल केले होते, म्हटलं ह्या म्हाताऱ्याला द्यावेत. आणि माझी कोल्ह्यांची बंदूक दुरुस्त झाली असेल तर नेते. सांगितलंस का रे पोरीला?

ऑरिन : मॅज, तुझी बंदूक त्या कोपऱ्यात आहे. रोल ठेव आणि घे ती.

मॅज : म्हणजे नाही सांगितलंस. कॅस्परहून येताना गाडीत मला काय म्हणालास? ‘घरी गेल्या गेल्या फोन करतो.’ सव्वाशे मैल गाडी हाकली मी तुझ्यासाठी, माझी गाय व्यायला आली असताना.

लोर्ना : कॅस्परला कशाला गेला होतास?

ऑरिन : नळ्या बघायला.

मॅज : डोळ्यांच्या डॉक्टरकडे नळ्या मिळतात होय आता?

लोर्ना : बाबा.

ऑरिन : रोल गरम आहेत तोवर खाऊन घ्या.

लोर्ना : बाबा, माझ्याकडे बघ.

ऑरिन : बघतोय की.

लोर्ना : तू माझ्या कानाकडे बघतोयस. मी आल्यापासून तू माझ्या कानाकडे बघून बोलतोयस. मला वाटलं कानातलं आवडलं.

ऑरिन : कान बघितला की तोंडाचा थोडा अंदाज येतो. सरळ बघितलं की तू नाहीसच. केस दिसतात, मागची खिडकी दिसते, खिडकीतला डोंगर दिसतो. मधोमध कुणीतरी अंगठा टेकवून पुसल्यासारखं.

लोर्ना : कधीपासून?

ऑरिन : उजवा गेल्या हिवाळ्यापासून. डावा ह्या वसंतात गेला.

लोर्ना : आणि मला सांगितलंस, बारीक छापलेलं वाचता येत नाही.

ऑरिन : ते खरंच आहे. येत नाही.

मॅज : आता तू हस नाही तर रड, पण दोन्ही एकदम करू नकोस गं, मला कळेनासं होतं काय करावं. कॉफी कुठं ठेवलीय?

लोर्ना : राहू दे कॉफी. डॉक्टर काय म्हणाला?

मॅज : म्हणाला कडा राहतील. चालेल, फिरेल, अंडी तळेल. मधलं गेलं ते परत यायचं नाही. चांगला होता डॉक्टर, तरणा. घोड्यांचंही सांगितलं त्यानं.

लोर्ना : कसले घोडे?

ऑरिन : मॅज, तुला खरंच गाय नाहीये का घरी?

मॅज : झाली ती मोकळी. कालवड आहे. सांग आता.

ऑरिन : दिसतात मला. घोडे. डॉक्टर म्हणतो, डोळा रिकामा बसला की डोकं आपलं आपणच चित्रं काढत बसतं. वेड नाही, म्हणाला, पुष्कळांना होतं, लोक घाबरून बोलत नाहीत इतकंच. मला घोडे दिसतात, पांढरे बहुतेक. कधी कधी बायका, टोप्याबिप्या घालून, कुठंतरी लग्नाला निघाल्यासारख्या. परवा ह्या लेथवर बारीक बारीक फुलं उगवली होती. हात लावला तर पोलादच होतं. त्रास नसतो त्यांचा. कुणी बोलत नाही.

मॅज : बोलत नाहीत म्हणून आवडतात त्याला.

लोर्ना : तू एकटाच बसून हे सगळं... मला एक फोन करता आला नाही?

ऑरिन : तू हायवेवर असायचीस, वादळात. मी काय सांगू, बाळा, इकडं लेथवर फुलं आलीत म्हणून?

लोर्ना : हो. तेच सांगायचं.

ऑरिन : बरं. पुढच्या वेळी सांगेन.

लोर्ना : मग आता ही रायफल कशासाठी? मी तुझ्या डोळ्यांसाठी धावत होते. तुला ती रेघ अजून एकदा बघायला मिळावी म्हणून. बंद करू या हे सगळं. ती अ‍ॅक्शन विकून टाक.

ऑरिन : उलट बोलतेयस. आता तर घाईच संपली. ज्याच्यासाठी धावायचं ते होऊन गेलंय. आता रांगेत उभं राहू. कारखाना वर्ष म्हणेल तर वर्ष. तीनशे पंचाहत्तर, मोठी अ‍ॅक्शन, आणि डाव्या हाताची.

लोर्ना : डाव्या?

ऑरिन : तू डावखुरी आहेस.

लोर्ना : मला माहितीये मी डावखुरी आहे! मी आठ वर्षांची असल्यापासून उजवा बोल्ट ओढतेय. रायफलीवरून हात पलीकडे टाकून, भाकरी उलटल्यासारखा. तूच म्हणायचास, सवय होईल.

ऑरिन : झालीच की सवय. त्या सवयीनं तू बक्षिसं आणलीस. पण दर वेळी बोल्ट ओढताना तुझा गाल उठतो. पाव मैलावर त्यानं काही बिघडत नाही. दोन मैलांवर गाल केसभर इकडं-तिकडं झाला, तर गोळी मॅजच्या गोठ्यात जाईल.

मॅज : माझ्या गोठ्याला मध्ये आणू नका.

ऑरिन : डावा बोल्ट असला की तू जिथं पडलीस तिथंच पडून राहशील. गाल लाकडाला, डोळा काचेला, हात आपला आपला येतो जातो. मला ते बघायचं होतं. दिसलं असतं तर. नाही दिसलं तरी असू दे.

लोर्ना : आणि बसवणार कोण ती? नळीला आटे पाडायचे, काडतुसाचं घर कोरायचं, हे सगळं केसाच्या मापाचं काम. तुला माझं तोंड दिसत नाही.

ऑरिन : तू पाडशील.

लोर्ना : मी बर्फ ढकलते, बाबा.

ऑरिन : तेही पातंच असतं.

मॅज : हा हा! बरोबर बोलला.

ऑरिन : मी लेथच्या बाजूला खुर्ची टाकून बसेन. पातं नीट चाललंय का कुरकुरतंय, ते मला डोळ्यांनी कधीच कळत नव्हतं, आवाजानंच कळायचं. तू कापायचंस. मी थांब म्हटलं की थांबायचंस. पहिली नळी वाया जाईल. सगळ्यांची जाते.

लोर्ना : आणि बोल्टला लग किती? दोन की तीन?

ऑरिन : आली का वाटेवर. दोन. जाड. बोल्ट अडकवून धरणारे दातच ते. तीन असले की बोल्ट कमी उचलावा लागतो, पण हे काडतूस कसलं जोरदार आहे; मला दोन भक्कम खांदे हवेत दाराला. आणि खाली काडतुसांची पेटी नको. एकेक काडतूस हातानं भरायचं. पोलादाला भोकं जितकी कमी, तितकं ते ताठ राहतं.

मॅज : मी जाऊ का? तुमचं आता संध्याकाळपर्यंत चालणार.

ऑरिन : मॅज, तुझ्या लाल टेकडीवर पाटी टांगायची आहे. परवानगी दे.

मॅज : दिली. पण दुकानात बसून पाय हलवत परवानग्या मागणारा माणूस पहिल्यांदा बघितला. रोल खा.

लोर्ना : बाबा, कारखान्याचा नंबर कुठं आहे?

ऑरिन : भिंतीवर. फोनच्या वर. मोठ्या अक्षरात लिहिलाय, मॅजनं.

(पुढच्या वर्षीचा सप्टेंबर, सकाळ. मॅजच्या कुरणाच्या एका टोकाला लोर्ना रायफलीमागं झोपलेली. दोन मैलांवर, लाल टेकडीच्या बाजूच्या घळीत, पाटीपासून बऱ्याच अंतरावर खडकाआड ऑरिन आणि मॅज. तिघांकडे वॉकीटॉकी.)

लोर्ना : ऐकू येतंय का?

ऑरिन : येतंय. कशी आहे ती?

लोर्ना : छान आहे. गवतात पडलीय, दव आहे तिच्यावर. बोल्ट असा सरकतोय, बाबा, लोण्यात चमचा.

ऑरिन : आटे तू पाडलेस.

लोर्ना : दुसऱ्या नळीला. पहिलीचं नाव काढू नकोस.

मॅज : पहिली माझ्या अंगणात आहे. टोमॅटोला आधार दिलाय. चांगली आहे.

लोर्ना : बाबा, मी अजून सांगते. मागं ये. माझ्याजवळ बस. तिथं बसून तुला काय मिळणार?

ऑरिन : तुझ्याजवळ बसलो तर एक मोठा धडाका ऐकू येईल आणि मग काहीच नाही. इथं काय येतं ते बघू तरी. वारा कसा आहे तिकडं?

लोर्ना : गालावर थोडा. मधल्या खोलगटात मृगजळ उजवीकडे वाहतंय, संथ. पाटी त्यात तरंगतेय. पाण्याच्या तळाशी नाणं पडावं तशी दिसते.

ऑरिन : तुला अजून थोडं बघायचं असेल तर बघ. घाई नाही.

लोर्ना : बघितलं. पाठवते.

मॅज : ...आं? कुठं गेली? अगं बाई! उडाली धूळ! उडाली!

लोर्ना : कुठं उडाली, मावशी?

मॅज : पाटीच्या उजवीकडं. दीड गाय.

लोर्ना : दीड गाय म्हणजे किती?

मॅज : गाय माहीत नाही तुला? हिअरफर्ड. भरलेली.

लोर्ना : लांबीनं की उंचीनं?

मॅज : लांबीनं गं. उंचीनं कोण मोजतं? आता हा बघ, आत्ता तुझा आवाज आला. इतक्या उशिरा!

ऑरिन : ऐकलंस, मॅज? आधी माती बोलली. मग कुठंतरी लांब कुणी दार लोटावं तसा तिचा आवाज. लोर्ना, तुझी गोळी इथं पोचली, आणि तू मारली ही बातमी तिच्या मागून चालत आली.

लोर्ना : गोळी जाताना काही ऐकू आलं?

ऑरिन : आलं. रेशीम फाटल्यासारखं. वरून, डावीकडून उजवीकडे. मी मान वळवली तिच्याबरोबर.

लोर्ना : ती रेघ.

ऑरिन : हो. तीच असावी. तुझा गाल उठला का?

लोर्ना : नाही. जिथल्या तिथं आहे.

ऑरिन : मग वारा तितकाच धर, दीड गाय डावीकडे, आणि पाठव.

लोर्ना : भरलं. बोल्ट लावला.

ऑरिन : थांब! थांब, लोर्ना, मारू नकोस!

लोर्ना : बोल्ट उघडला. काडतूस बाहेर. काय झालं?

ऑरिन : पाटीपाशी कुणीतरी आहे.

मॅज : कुणी नाही रे.

ऑरिन : बाई आहे. निळी टोपी. पाटीला टेकून उभी आहे.

मॅज : मी दुर्बिणीतून बघतेय. पाटी आहे, साखळ्या आहेत, खाली गवत आहे. बाई नाही.

लोर्ना : बाबा, तुझ्या त्या बायकांपैकी आहे का?

ऑरिन : असेल. असणारच. पण लोर्ना, मी आजवर कधी माणूस दिसत असताना मार म्हटलेलं नाही. माझ्या तोंडातून ते निघणारच नाही.

लोर्ना : मी म्हणायला सांगतच नाहीये. मी रायफलीपासून उठलेय. लांब उभी आहे. आई आहे का ती?

ऑरिन : नाही. ओळखीचं कुणी कधी येत नाही. ही कोण ते मला माहीत नाही.

लोर्ना : मग आज राहू दे, बाबा. पाटी कुठं पळून जात नाही.

ऑरिन : हो. राहू दे म्हणतेस तर राहू दे. वर्षभर सगळ्यांना कामाला लावलं मी.

मॅज : राहू दे काय राहू दे? मी जाऊन येते. लोर्ना, त्या रायफलीला हात लावशील तर बघ.

लोर्ना : मी गाडीत जाऊन बसते, मावशी. तुम्ही म्हणाल तेव्हाच उतरेन.

मॅज : हं. निघाले. काय चढ आहे हा, मेला. ऑरिन, तुझ्या बायका नेहमी टेकडीवरच का येतात, गोठ्यात येऊन चार भांडी घासली तर? ...आले. मी पाटीला हात लावून उभी आहे. आता काय दिसतंय?

ऑरिन : तुझ्या टोपीचा रंग कुठला?

मॅज : मी टोपी घातलेलीच नाही.

ऑरिन : मग दोघी आहात.

लोर्ना : काय करतेय ती, बाबा?

ऑरिन : मॅजकडे बघतेय. जरा घाबरल्यासारखी. मॅज तिच्या अगदी जवळ उभी आहे.

मॅज : डावीकडे की उजवीकडे?

ऑरिन : तुझ्या उजवीकडे.

मॅज : बरं. अगं ए बाई. नाव माहीत नाही तुझं. इथं उभं राहायची जागा नाही ही. ऊन किती आहे बघ, आणि पलीकडून ती पोरगी मारायला बसलीय. चल माझ्याबरोबर. खाली सावली आहे, कॉफी आहे. तो म्हातारा आहे, पण निरुपद्रवी आहे. चल. हात देऊ का? खडे निसटतात इथं.

लोर्ना : बाबा?

ऑरिन : थांब... निघाली. निघाली गं. मॅजच्या मागून येतेय. टोपी एका हातानं धरलीय.

मॅज : जपून गं. तो दगड हलतो.

ऑरिन : ओलांडला तिनं.

मॅज : हं. पोचलो. बस इथं, खडकाला टेकून. ऑरिन, बसली का?

ऑरिन : बसली. तुझ्या पलीकडे.

मॅज : झालं तर. मी आता परत बघितलं, लोर्ना, इकडून तिकडून, डोंगरापर्यंत. माळावर ससासुद्धा नाही. ये खाली गाडीतून.

लोर्ना : मॅजमावशी.

मॅज : काय?

लोर्ना : काही नाही. झोपते रायफलीमागं. बाबा, तुला काय दिसतंय पाटीपाशी?

ऑरिन : काही नाही. मधोमध काहीच नाही, आणि त्याच्या कडेनं आभाळ.

लोर्ना : मृगजळ थोडं मंदावलंय. एक गाय धरते, दीड नाही.

ऑरिन : तुझं तू ठरव. मला आता दिसत नाही, तुला दिसतंय.

लोर्ना : भरलं. बोल्ट लागला.

ऑरिन : लोर्ना.

लोर्ना : काय?

ऑरिन : मार.

लोर्ना : ...गेली.

मॅज : अरे!

लोर्ना : काय अरे? मावशी? काय झालं? मला इथून काही कळत नाही, धूळ नाही काही नाही. मावशी!

मॅज : झुलतेय! पाटी झुलतेय गं, झोपाळ्यासारखी! पांढरा डाग पडलाय खालच्या कोपऱ्याला! लागली! आणि हा आला तुझा आवाज, आत्ता, वरातीच्या मागं राहिलेल्या बँडवाल्यासारखा!

लोर्ना : लागली? खरंच? बाबा! बाबा, ऐकलंस का? ...बाबा, बोल ना काहीतरी. मावशी, बरा आहे ना तो?

मॅज : बरा आहे. हात वर करून बसलाय, मला गप्प म्हणतोय.

लोर्ना : बाबा?

ऑरिन : थांब जरा. पाटी अजून वाजतेय.